अलास्काची बोट: एकेरी तिकीट काढावं की परतीचंही?

बाहेर पारा उणे पंचवीसवर असतो आणि एडमंटनच्या मराठी घरांत जुलैची बोलणी सुरू होतात. यंदा आरव्ही घ्यायची, आई-बाबा भारतातून आलेले असतील, सगळ्यांनी मिळून अलास्का करायचं. मग गाडं एकाच ठिकाणी अडतं: "बोट जाऊन-येऊन बुक करू का? पण परतीची तारीख कुठे ठरलीय! एखादं ठिकाण आवडलं तर चार दिवस जास्त राहू म्हणतोय." त्यावर एक ओळखीचा म्हणतो, सगळं आत्ताच बुक करा, जागा संपतात. दुसरा म्हणतो, आरव्ही घेऊन चाललाय ना, मग बुकिंग कसलं करता? दोघांचंही निम्मंच बरोबर आहे, आणि कुठलं निम्मं ते तुमच्या वाटेवर अवलंबून आहे.

आधी थोडक्यात उत्तर

विमानाच्या सवयीमुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं की जाऊन-येऊन तिकीट एकत्र काढलं की स्वस्त पडतं. या बोटींवर तसं नाही. बीसी फेरीज असो की अलास्का मरीन हायवे, लांब पल्ल्याच्या प्रत्येक फेरीचं भाडं वेगळं लागतं. परतीचं तिकीट म्हणजे दोन एकेरी तिकिटं, एवढंच. त्यातून तुम्हाला सवलत मिळत नाही, जागेची हमी मिळते. ती हमी विकत घेण्यासारखी आहे की नाही, हे एका प्रश्नाने ठरतं: त्या ठिकाणाहून परत यायला रस्ता आहे का?

- रस्ता असेल, तर बोट एकाच बाजूची काढा आणि दुसरी बाजू रस्त्याने करा. रस्त्याला आरक्षण लागत नाही.
- रस्ता नसेल, तर जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच वेळी काढा. तिथे मोकळं राहण्याची हौस महागात पडते.

आणि बोट एकाच बाजूची काढायची, तर कोणत्या? जिची तारीख तुमच्या हातात आहे तिची. नोकरदार माणसाची रजा कधी सुरू होते ते ठरलेलं असतं. लांबतं किंवा आखडतं ते शेवटचं टोक. म्हणून माझं मत साधं आहे: जाताना बोट, येताना रस्ता. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

तुम्ही नेमक्या कोणत्या बोटीबद्दल बोलताय?

निम्मा गोंधळ इथेच आहे. "इनसाइड पॅसेज" हे नाव ब्रिटिश कोलंबियाची बोटही वापरते आणि अलास्काचीही. प्रिन्स रूपर्टहून पोर्ट हार्डीचं तिकीट काढून "आम्ही बोटीने अलास्काला चाललोय" असं सांगणारी मंडळी भेटतात. ती बोट अलास्काच्या उलट दिशेला, दक्षिणेकडे जाते. तेव्हा नावं नीट पाहा.

- बीसी फेरीज, प्रिन्स रूपर्ट ते पोर्ट हार्डी. सगळा प्रवास कॅनडातच. उन्हाळ्यात साधारण एक दिवसाआड एका दिशेने बोट असते, दिवसभराचा प्रवास, पंधरा-सोळा तास. आरव्हीसाठी आरक्षण करूनच जायचं.
- अलास्का मरीन हायवे. अलास्का राज्य सरकारची सेवा, १९६३ पासून चालू. तिचं दक्षिणेकडचं टोक वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम आहे (१९८९ पूर्वी ते सिअ‍ॅटल होतं). केचिकन, जुनो, हेन्स, स्कॅगवे ही तिची बंदरं.
- व्हिक्टोरिया ते पोर्ट अँजेलिस. ब्लॅक बॉल कंपनीची 'कोहो' नावाची बोट १९५९ पासून हीच वाट करते. दीड तासात तुम्ही अमेरिकेत उतरता.
- युकॉनमधल्या डॉसन सिटीची 'जॉर्ज ब्लॅक'. नदी ओलांडणारी सरकारी फेरी. फुकट, आरक्षण नाही, हंगामात रात्रीही चालते.

जुनी मार्गदर्शक पुस्तकं वाचत असाल तर दोन ओळींवर काट मारा. सिडनी (व्हँकुव्हर बेटावरचं) ते अ‍ॅनाकोर्टिस ही वॉशिंग्टन राज्याची फेरी २०२० पासून बंद आहे. आणि प्रिन्स रूपर्टहून थेट अलास्काला जाणारी अलास्का मरीन हायवेची सेवा २०१९ च्या शरद ऋतूत थांबली, नंतर अधूनमधून मोजक्या फेऱ्या झाल्या. एडमंटनकरांना हीच बोट सर्वांत सोयीची असल्यामुळे सगळे तिच्याबद्दल विचारतात. चालू वर्षाच्या वेळापत्रकात ती छापलेली दिसली तरच धरा. "गेल्या वर्षी मित्र गेला होता" यावर बेत आखू नका.

एडमंटनहून जाण्याच्या वाटा

*हेन्स–स्कॅगवेचा फेरा.* पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच सुचवते. हायवे ४३ ने ग्रँड प्रेअरीवरून डॉसन क्रीकला पोहोचायचं (सुमारे ५९० किलोमीटर, हे डॉसन क्रीक वेगळं आणि वर आलेलं डॉसन सिटी वेगळं). तिथून १९४२ साली युद्धाच्या घाईत बांधलेला अलास्का हायवे सुरू होतो. लिआर्डच्या गरम झऱ्यांवर मुक्काम, मग वॉटसन लेक, मग व्हाइटहॉर्स. एडमंटनपासून व्हाइटहॉर्स साधारण दोन हजार किलोमीटर आहे, आणि आरव्हीने चार दिवस धरले तर माणसं एकमेकांशी नीट बोलत पोहोचतात. पुढे हेन्स जंक्शनवरून डावीकडे वळून हेन्सला उतरायचं. इथे गंमत आहे. हेन्स ते स्कॅगवे पाण्यावरून जेमतेम पंचवीस किलोमीटर, बोटीने तासाभराचं अंतर. रस्त्याने तेच सुमारे ५७० किलोमीटर, कारण पुन्हा कॅनडात शिरून, व्हाइटहॉर्सला वळसा घालून पलीकडच्या खोऱ्यात उतरावं लागतं. शिवाय रस्त्याने गेलात तर अमेरिकेत दोनदा प्रवेश, बोटीने गेलात तर एकदाच.

म्हणजे बोट एकच, तीही एकेरी. स्कॅगवेहून व्हाइटहॉर्सला परत यायला चांगला रस्ता आहे, अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. परतीचं तिकीट काढण्याचं काही कारणच नाही. पण हीच तासाभराची फेरी लोक बुक करायची विसरतात, "छोटीच तर आहे" म्हणून. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाडी रांगेत लावली की ही नाहीतर पुढची बोट मिळते. ते गणित डॉसन सिटीला चालतं, हेन्सला चालत नाही. इथे फेऱ्या रोजच्या रोज असतीलच असं नाही, आणि बोटीवर आरव्हीएवढी लांब जागा मोजकीच असते. तारीख ठरवायला जीव धजत नसेल तर हेन्सच्या आधी एक मोकळा दिवस ठेवा, पण जागा घरूनच घ्या.

*जुनो बघायचं असेल तर.* अलास्काची राजधानी असूनही जुनोला बाहेरून एकही रस्ता जात नाही. म्हणजे परतीचं तिकीट हवंच. मात्र आरव्ही नेण्याचा हट्ट सोडा. ती हेन्स किंवा स्कॅगवेच्या आरव्ही पार्कमध्ये पैसे भरून ठेवा आणि पायी प्रवासी म्हणून जाऊन-येऊन तिकीट काढा. माणसांना जागा सहज मिळते, गाड्यांना मिळत नाही, आणि भाड्यातला फरक तुमच्या हॉटेलच्या रात्रीला बराच हातभार लावतो. एक खबरदारी: परतीची बोट घरच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीची नको. मध्ये एक दिवस सोडा.

*प्रिन्स रूपर्टचा फेरा.* ज्यांच्या घरात कुणाकडे अमेरिकेचा व्हिसा नाही, त्यांच्यासाठी हा उत्तम. यलोहेड, म्हणजे आपला हायवे १६, एडमंटनमधून निघतो तो जॅस्पर, प्रिन्स जॉर्ज करत थेट प्रिन्स रूपर्टच्या धक्क्यावर जातो. सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. तिथून बोटीने पोर्ट हार्डी, मग व्हँकुव्हर बेट उभं उतरत नानायमो किंवा व्हिक्टोरिया, मग मुख्य भूमीवर येऊन कामलूप्स किंवा बॅन्फमार्गे घर. यात लांब बोट एकच, आणि तिची दिशा महत्त्वाची. एडमंटनहून निघताना आधी रूपर्ट गाठा आणि दक्षिणेकडे या. उलटा फेरा केलात तर बेटावर रमल्यावर पोर्ट हार्डीची ठरलेली तारीख डोक्यावर बसते आणि टोफिनो घाईत उरकावं लागतं.

बेटावरून मुख्य भूमीवर यायला मात्र रोज अनेक फेऱ्या असतात. तिथे परतीचं आत्ताच बुक करू नका. दोन-तीन दिवस आधी करा. अपवाद ऑगस्टचा आणि सप्टेंबरचा लाँग वीकएंड. तेव्हा आरव्हीवाल्यांनी आरक्षणाशिवाय धक्क्यावर जाऊ नये. आणि हायडा ग्वाय बेटांवर जायचा मोह झाला तर वरचा नियम लक्षात ठेवा: रस्ता नाही, म्हणून जाऊन-येऊन.

*बेलिंगहॅमहून थेट अलास्का.* पैसा आणि वेळ दोन्ही असतील तर अनुभव सुंदर आहे, तीनेक दिवस बोटीवर. लोक वरच्या डेकवर तंबू चिकटपट्टीने चिकटवून झोपतात, अक्षरशः. पण एडमंटनहून आधी बेलिंगहॅमला उतरायचं, मग पुन्हा वर जायचं, यात आरव्हीचं प्रत्येक फुटाचं भाडं भरावं लागतं. ही बोट केलीत तर एकाच बाजूने, जाताना, आणि परत अलास्का हायवेने. दोन्ही बाजूंनी बोटीने जाणाऱ्या एडमंटनकराला मी विमानाने जाऊन तिकडेच आरव्ही भाड्याने घ्यायला सांगेन.

लंडनच्या चुलतभावाने "तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट घे" असा सल्ला दिला असेल, तर तो डोव्हर–कॅलेपुरता बरोबर आहे. तिथे दिवसभर बोटी सुटतात आणि कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतात. इथे चुकलेल्या बोटीनंतरची बोट परवा, कधी आठवड्याने.

बुकिंग करताना

१. टेप घेऊन लांबी मोजा. भाडं फुटांवर ठरतं. मागचा सायकल रॅक, हिच, ओढून न्यायची गाडी, सगळं धरून. कंपनीच्या माहितीपत्रकात "२५ फूट" लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात रॅक लावल्यावर ती अठ्ठावीस भरते. धक्क्यावर मोजणी होते आणि लांबी जास्त निघाली तर फरक भरावा लागतो. बोट भरलेली असेल तर जागाही जाऊ शकते. बीसी फेरीजवर ठरावीक लांबीपुढे प्रत्येक फुटाचं जादा भाडं आहे, म्हणून रॅक काढून सायकली आत ठेवणं कधी कधी परवडतं. भाड्याची आरव्ही असेल तर नेमकं मॉडेल हातात येईपर्यंत लांबी कळत नाही. तेव्हा कंपनीकडून त्या वर्गातली सर्वांत मोठी लांबी लेखी मागवा आणि तीच लिहा.

२. ड्रायव्हर वेगळा. गाडीच्या भाड्यात चालवणारा माणूस धरलेला नसतो. प्रत्येक माणसाचं तिकीट निराळं. अंदाजपत्रकात हे हमखास सुटतं.

३. बदलणं आणि रद्द करणं वेगळं वाचा. स्वस्त भाड्यांवर बंधनं जास्त असतात, हे बीसी फेरीजच्या व्हँकुव्हर–व्हिक्टोरियासारख्या मार्गांवर विशेष दिसतं. तारीख बदलताना नव्या तारखेचं त्या दिवशीचं भाडं लागतं. अलास्का मरीन हायवेवर जागा भरत गेल्या की भाडं चढू शकतं, आणि रद्द करताना सुटण्याची तारीख जितकी जवळ तितकी कपात मोठी. "दोन तारखा बुक करू, एक रद्द करू" हा हिशेब इथे तोट्याचा आहे.

४. वेळापत्रक लागल्यावर लगेच ठरवा. उन्हाळ्याचं वेळापत्रक हिवाळ्यातच येतं. जुलैच्या जागा मार्चपर्यंत घेतलेल्या बऱ्या. जागा नसेल तर वेटलिस्टवर नाव घाला. उन्हाळा जवळ आला की लोक बेत बदलतात आणि जागा सुटतात.

५. घड्याळ. उन्हाळ्यात एडमंटनच्या मागे युकॉन एक तास, अलास्का दोन तास. बोटीवरची वेळ त्या बंदराची असते. हेन्सची चारची बोट म्हणजे एडमंटनचे सहा.

लहान मार्गांवर एक सुखद अपवाद आहे. बीसी फेरीजच्या काही छोट्या मार्गांवर भाडं एकाच बाजूला घेतात, उदाहरणार्थ हॉर्सशू बेहून लँगडेलला जाताना. तिथे परतीचं तिकीट शोधत बसू नका, ते जातानाच भरलेलं असतं.

कागदपत्रं: बोट आणि रस्ता यांत इथे फरक पडतो

हा भाग घाईने वाचू नका.

पीआर कार्ड. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचे कायमचे रहिवासी असाल तर अमेरिकेसाठी बी१/बी२ व्हिसा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परतीचा नियम मात्र कमी जणांना माहीत असतो. कॅनडात परत येताना विमान, रेल्वे, बस किंवा बोट अशा व्यावसायिक वाहनाने आलात, तर वैध पीआर कार्ड (किंवा पीआर प्रवास दस्तऐवज) दाखवावं लागतं. स्वतःच्या, उसन्या किंवा भाड्याच्या गाडीतून रस्त्याने आलात, तर सीमेवर आपलं रहिवासीपण इतर कागदांनी सिद्ध करता येतं. म्हणजे कार्डाची मुदत संपत आली असेल आणि नवं आलं नसेल, तर पोर्ट अँजेलिस–व्हिक्टोरिया बोटीचं परतीचं तिकीट तुमच्यासाठी नाही. आरव्ही बोटीत चढवली म्हणून ती खासगी वाहनाने केलेली वापसी ठरत नाही. हेन्स–स्कॅगवे बोट या बाबतीत निर्धोक आहे, कारण ती अमेरिकेतून अमेरिकेतच जाते आणि कॅनडात तुम्ही रस्त्यानेच शिरता.

आय-९४. भारतीय पासपोर्टवाल्यांना रस्त्याने अमेरिकेत शिरताना ही नोंद लागते. तिचा अर्ज आणि शुल्क आधी ऑनलाइन भरता येतं, त्याने सीमेवरचा वेळ वाचतो. शुल्क २०२५ च्या शरद ऋतूत बरंच वाढलं, तेव्हा जुना आकडा धरू नका. मधल्या मधे कॅनडात येऊन पुन्हा अलास्कात शिरणार असाल तर पहिल्याच सीमेवर अधिकाऱ्याला पूर्ण वाट सांगा आणि नोंद किती दिवस चालेल ते विचारून घ्या.

भेटीला आलेले आई-बाबा. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा भारतातच, निघण्याच्या बऱ्याच आधी काढलेला बरा. तो पासपोर्टात चिकटलेला दिसेपर्यंत अलास्काचं ना-परतावा तिकीट काढू नका. कॅनडाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला, तरी अमेरिकेतून थेट परत येणाऱ्याला, मुक्कामाची दिलेली मुदत संपलेली नसेल तर, नव्या व्हिसाची गरज पडत नाही. सुपर व्हिसासाठी काढलेला आरोग्य विमा अमेरिकेत चालतो की नाही, आणि चालत असेल तर किती दिवस, हे पॉलिसीत शोधा. तुमचंही अल्बर्टाचं आरोग्य कार्ड कॅनडाबाहेर फारच थोडी भरपाई देतं, त्यामुळे प्रवास विमा सगळ्यांचाच.

मुलं. रजा न मिळाल्यामुळे आई-बाबांपैकी एक जण एडमंटनला राहणार असेल, तर त्याचं संमतीपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, बरोबर ठेवा.

आरव्हीचे कागद. भाड्याच्या गाडीला अमेरिकेत, युकॉनमध्ये आणि बोटीवर न्यायची परवानगी करारात लिहिलेली हवी. कच्च्या रस्त्यांची बंदी बहुतेक करारांत असते. डॉसन सिटीहून अलास्कात जाणारा 'टॉप ऑफ द वर्ल्ड' हायवे त्यात येतो. शिवाय त्या रस्त्यावरची सीमा फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा उघडी असते. अलास्का हायवेवर बीव्हर क्रीकपुढची मोठी सीमाचौकी चोवीस तास चालते, हेन्सच्या रस्त्यावरची चालत नाही. बोटीची वेळ गाठताना चौकीची वेळही बघा.

सीमेवर फ्रिज उघडतात

आपलं स्वयंपाकघर बरोबर असतं, म्हणून हे लिहिलं पाहिजे. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कारण त्यावर लिंबूवर्गीय झाडांना घातक कीड राहते. भारतातून आलेले तांदूळ आणि हरभरे खापरा भुंगेऱ्यामुळे अडवतात. ही बंदी कॅनडातही आहे. लिंबं, संत्री, आंबे, मांस यांवर निर्बंध आहेत आणि ते बदलतात. व्हाइटहॉर्सहून निघण्याआधीच संपवा, पीठ-मसाले दुकानच्या बंद पाकिटात ठेवा आणि विचारलं तर सगळं सांगा. न सांगितलेल्या वस्तूचा दंड होतो. सांगितलेली फार तर टोपलीत जाते. आणि बरोबरच्या तरुण मंडळींना बजावा: गांजा अल्बर्टात कायदेशीर असला तरी सीमेपलीकडे न्यायचा नाही, येताना आणायचाही नाही.

बोटीवर आरव्ही म्हणजे घर नव्हे

कार डेकवर तुम्हाला आरव्हीत बसता किंवा झोपता येत नाही. अलास्काच्या बोटींवर लांब प्रवासात अधूनमधून थोडा वेळ खाली सोडतात, कुत्र्याला फिरवण्यापुरता. बीसी फेरीजच्या उत्तरेच्या बोटीवर हे कितपत चालतं ते आधी विचारून घ्या. प्रोपेन बंद करावा लागतो, अलास्काच्या बोटींवर कर्मचारी टाकीला सील लावतात. म्हणजे प्रोपेनवरचा फ्रिजही बंद. पंधरा-सोळा तासांत फ्रीझर टिकतो, दूध-दही टिकेलच असं नाही. औषधं, इन्सुलिन, बाळाचं दूध, गरम कपडे आणि खाण्याचा डबा एका पिशवीत घेऊन वर जा.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर तिकीट दाखवतानाच सांगा, गाडी लिफ्टजवळ लावून देतात. रूपर्ट–पोर्ट हार्डी दिवसाची फेरी असली तरी केबिन मिळते, आणि सत्तरीपुढच्या माणसांसाठी तिचे पैसे सत्कारणी लागतात. ज्येष्ठांची सवलत मात्र विचारू नका. बीसी फेरीजची ती सवलत ब्रिटिश कोलंबियाच्या रहिवाशांपुरती आहे.

बोट रद्द झाली किंवा तुम्हीच पोहोचला नाहीत तर

बोट कंपनीने रद्द केली, तर न झालेल्या फेरीचे पैसे परत मागण्याचा किंवा पुढच्या बोटीत जागा मागण्याचा तुमचा हक्क आहे. परतावा आपोआप येईल म्हणून थांबू नका, आरक्षण क्रमांक देऊन लेखी मागा. पण कॅनडातल्या विमान प्रवाशांना उशिराबद्दल मिळते तशी भरपाई इथे मिळत नाही, कारण ते नियम विमानांचे आहेत. बुडालेली हॉटेलची रात्र किंवा आरव्ही उशिरा परत केल्याचं भाडं बोट कंपनी सहसा देत नाही. ते प्रवास विम्यातून मिळेल का, हे पॉलिसी घेतानाच विचारा.

तुम्ही उशिरा पोहोचलात, तर तिकीट तुमच्या डोक्यावर. आणि उशीर हमखास होतो तो वणव्यांमुळे. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर रिकामं करावं लागलं तेव्हा हायवे १६ बंद झाला. त्याच वर्षी मे महिन्यात अलास्का हायवेवरचं फोर्ट नेल्सन गाव खाली केलं होतं. म्हणून रूपर्टच्या बोटीसाठी एडमंटनहून तीन दिवस पुरत असले तरी चौथा धरा. जॅस्परचा रस्ता बंद झाला तर हायवे ४३ ने डॉसन क्रीक आणि तिथून हायवे ९७ ने प्रिन्स जॉर्ज ही दुसरी वाट आहे. ती नकाशावर आधीच पाहून ठेवा, डोंगरात फोनला रेंज नसते. निघण्याच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी ५११ अल्बर्टा, ड्राइव्हबीसी आणि ५११ युकॉन पाहायची सवय लावा.

उशीर होणार असं दिसलं की बोट सुटण्याआधी फोन करा. आधी कळवलेल्या माणसाची तारीख बदलून मिळू शकते. न कळवता चुकवलेल्या बोटीचे पैसे परत मिळणं अवघड. फोनवर तीन गोष्टी तयार ठेवा: आरक्षण क्रमांक, आरव्हीची रॅकसकट लांबी, आणि पुढच्या दोन चालतील अशा तारखा. गाडीला जागा नसेल तर विचारा की माणसं पुढे जाऊ शकतील का, आणि आरव्ही घेऊन फक्त ड्रायव्हर वेटलिस्टवर थांबू शकेल का. हेन्सला अडकलेल्यांनी मात्र तेवढं थांबू नये. टाकी भरावी, चौकी बंद होण्याआधी निघावं आणि ५७० किलोमीटर वळसा घालून स्कॅगवे गाठावं, किंवा स्कॅगवे सोडून देऊन व्हाइटहॉर्सलाच जावं.